आंबवण

येबच्या बेटावर आमची भिंत आणि तशेरेची भिंत
एकच आहे.
तिच्याकडची जवाची दारू आमच्या नाकाला कळते,
आमच्याकडचं भांडण तिच्या कानाला.
माझा नवरा यारहू, पर्शियाच्या राजाचा पगारी शिपाई,
महिन्याचे जव आणि मसूर मोजून घेतो
आणि दर खेपेला म्हणतो, माप खोटं आहे.
तिचा नवरा खडकांच्या खळाळातून नावा काढतो.
त्यालाही माप खोटंच वाटतं.
एवढ्यावर त्या दोघांची दोस्ती.

निसानचा चंद्र भरत आला की
मी घर झाडायला काढते.
सात दिवस आंबलेलं काही नको, कणभरही नको;
कोनाडे, काथवट, नखं, सगळं खरवडायचं.
पण आंबवण माझ्या आईचं.
तिच्या आईनं म्हणे यहूदाहून
ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं.
ते नदीत कसं टाकू?
म्हणून मडकं भिंतीवरून पलीकडे.

पहिल्या वर्षी तशेरेनं विचारलं होतं,
"तुमच्या देवाला आंबटाचं वावडं आहे का गं?"
म्हटलं, नाही, आम्ही घाईत निघालो होतो,
पीठ फुगायला वेळ नव्हता.
"कुठून निघालात?"
मी गप्प.
"इथूनच ना?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून हसली.
"मग परत कशाला आलात?"
यारहूला विचार, म्हटलं. पगार तो घेतो.

कोकराची रात्र मात्र अवघड.
तिचा ख्नूम मेंढ्याच्या तोंडाचा,
त्याचं देऊळ आमच्या याहोच्या देवळापासून हाकेवर.
त्या रात्री ती खिडकीला चटई लावते.
मी चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेते.
याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.
बोलायचो ते मातीबद्दल.
तिचा देव चाकावर माणूस घडवतो,
माझा नुसत्या हातांनी.
"तरीच," ती म्हणायची,
यारहूच्या वाकड्या नाकाकडे बघत.

यंदा चौथ्या दिवशी पलीकडून रडणं आलं.
बायका डोक्याला चिखल फासून गल्लीत उतरल्या.
मीही फासला.
आमच्यात राख असते,
पण नदीचा चिखल हाताशी होता.
मडक्याचं मी मनातसुद्धा आणलं नाही.
खोटं कशाला बोलू. एकदा आणलं.

सण सरला, त्याच्या दुसऱ्या सकाळी
तिचा धाकटा, पाखोई, दारात उभा.
डोक्यावर केसांचे खुंट; दुःखात ते वस्तरा लावत नाहीत.
मडकं छातीशी धरलेलं.
"आईनं सांगून ठेवलं होतं,
रोज मूठभर पीठ घालायचं, नाहीतर मरतं.
तुमचं दिलेलं संपलं. मग आमचं घातलं."
झाकण काढलं. वर बुडबुडे,
वास ओळखीचा,
आणि खाली कुठेतरी तिच्या घराचा.

भाकर नीट फुगली.
पहिला तुकडा मी भिंतीवर ठेवला,
सोबत कांद्याची पात, तिला आवडायची.
मेलेल्याला असं वाढणं आमच्यात बसत नाही.
यारहूनं पाहिलं.
नाक खाजवलं,
आणि कणगीतले जव पुन्हा मोजायला गेला.