वस्तू क्रमांक एकोणीस

कॅरम बोर्ड भिंतीला टेकवला,
चार बाकं जोडून त्यांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या,
झालं वाचनालयाचं प्रदर्शन.
लेबलं माझ्या अक्षरात.
अठ्ठावीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो,
फलाटावरच्या पाट्या मीच रंगवायचो,
त्यामुळे प्रत्येक वस्तू
आत्ता सुटायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती.

घराघरांतून आलेलं सगळं:
दशावतारातल्या संकासुराची टोपी, कसर लागलेली,
बंदरखात्याचा परवाना, शिक्का शाबूत, नाव वाळवीच्या पोटात,
खाडीच्या चिखलात सापडलेले
निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे,
कुणी हौसेने आणलेला एक रेडिओसुद्धा.
आणि कोयंड्यांच्या माळ्यावरून
शिशाचा लांबट गोळा,
वर दोरीचं भोक, बुडाशी खळगा.
मी लिहिलं:
१९. वजन. तराजूचं असावं.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान.
कोल्हापूरहून आलेले सर
पडद्यावर ताम्रपट दाखवत होते,
म्हणजे वीज होती तोवर.
मग ते काळोखात नुसतेच बोलले
आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलं बोलले.
पण मागे कुजबुज वाढली.
मी गप्प करायला उठलो, जुनी सवय.

मोबाईलच्या उजेडात द्वारकी कोयंडे उभी.
वय ब्याऐंशी, मासळीची पाटी आता सुनेकडे.
भोवती शाळेची पाच-सहा पोरं
आणि एकोणीस नंबर तिच्या हातात.
‘हात लावू नये’ हेही माझ्याच अक्षरात होतं.

“वजन न्हय रे. बुडीद ही.
हय चरबी भरूची, दोरयेन सोडूची.
तळाक टेकली काय वर ओढूची,
मगे चरबयेक काय चिकाटला ता बघूचा.
काळो चिखल, तर खाडीचा तोंड.
शिंपांचो चुरो, तर अजून भायर.
धुक्यात काय्येक दिसा नाय,
तेव्हा माजो बापूस ता जिभेर ठेवी
नि सांगी, आपण खंय पावलव.”

एका पोराने विचारलं, शी, जिभेवर?
दुसरा बादली आणायला पळाला.
तिने गोळा उलटा केला,
खळग्यात करंगळी फिरवली,
पुन्हा फिरवली.
“ह्येच्यातली माती खंय गेली?”

परवा रात्री मी तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला होता.
काळं, कडक, मेणचट काहीतरी,
त्यात दोन चमकते कण.
मग रॉकेलचा बोळा फिरवून लख्ख केला
आणि खरवड वर्तमानपत्रावरून
खिडकीबाहेर झटकली.
पाहुणे येणार होते.

हे मी तिला सांगितलं.
सगळं नाही, रॉकेलचं राहून गेलं.
ती म्हणाली, “शेवटच्या फेरयेची होती.
मगे बापाशीन गलबत इकल्यान.”
रागावून नाही.
मासळीचा भाव सांगावा तशी.

तेवढ्यात वीज आली.
माईक किंचाळला, सर म्हणाले,
तर आपण पुराव्यांबद्दल बोलत होतो.
बादली भरून आली होती, तिचं कुणी काय केलं
ते मी पाहिलं नाही.

रात्री नवं लेबल कापलं.
१९. बुडीद.
पुढे टिंब द्यावं की आणखी काही लिहावं,
या विचारात स्केचपेनचं टोपण उघडंच राहिलं
आणि पेन वाळलं.

सकाळी कुलूप काढायच्या आधी
खिडकीखाली जाऊन उकिडवा बसलो.
जांभ्याची लाल माती, सुरंगीची गळलेली फुलं,
कॅरमची एक हरवलेली सोंगटी.
चमकणारं म्हणाल तर पुष्कळ होतं,
दव पडलं होतं.
इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.
चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

खारट लागली.
पण इथे, खाडीपासून पन्नास पावलांवर,
सगळंच खारट लागतं.