वर्षावास

आषाढ पौर्णिमेला भंते विहारात बसले.
तीन महिने आता कुठं जायचं नाही,
ओल्या वाटेवर पायाखाली जीव येतात.
त्याच आठवड्यात आमच्या खात्यात
सगळ्यांच्या रजा बंद.

खातं कीटकनाशकाचं. खांद्यावर शिडी,
हातात ओगराळं, खिशात बॅटरी.
वडाळ्याच्या गच्च्या मला पाठ आहेत:
कुठल्या टाकीचं झाकण फुटकं,
कुठला वॉचमन कुत्रं सोडतो,
कुठली बाई पेल्यात पाणी देते
आणि कुठली वरून ओतते ओंजळीत, अजून.

टाकीत डोकावलं की अळ्या दिसतात,
उलट्या लटकलेल्या, शेपटीनं श्वास घेणाऱ्या.
उजेड पडला की खाली पळतात.
दम लागला की वर येतातच.
मी तेवढीच वाट बघतो.
तेलाचा पापुद्रा पसरतो पाण्यावर,
त्यात रंग दिसतात. चांगले दिसतात.

रविवारी पांढऱ्या कपड्यात पहिलं शील म्हणताना
माझा आवाज जरा खाली जातो.
बायकोला कळतं.
ती तिचा वाढवते.

गेल्या साली उत्पला शीवच्या हॉस्पिटलात.
प्लेटलेट अठरा हजार.
सहा पिवळट पिशव्या चढल्या,
कुणाच्या, ते लिहिलेलं नसतं.
रात्री खाटेपाशी एक डास मारला, फट्कन.
तळव्यावर रक्त.
ह्यात माझी पोर असेल,
शेजारची खोकणारी म्हातारी असेल, वॉर्डबॉय असेल,
आणि ती ओंजळीत पाणी ओतणारीसुद्धा;
तिचा नातू सात नंबरच्या खाटेवर होता.
पंगतीत जे आम्हाला जमलं नाही
ते एवढ्याशा पोटात जमलेलं.
चावते ती मादीच, अंड्यांसाठी.
मीही पोरीसाठीच.
मोरीत जाऊन हात धुतला.

भाद्रपदात तपासणीच्या यादीत विहार आला.
मूर्तीपुढं पितळी पात्रात कमळं,
कमळांखाली अळ्या.
'नोटीस द्यावी लागेल?' भंते म्हणाले.
म्हटलं, नियम आहे.
त्यांनी पाणी गाळायचं फडकं आणलं,
भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक,
पात्र त्यावर रिकामं केलं.
काळे स्वल्पविराम वळवळू लागले.
'हे आता परत पाण्यात सोडायचे,' म्हणाले,
आणि थांबले.

कुठल्या पाण्यात?
मागं ड्रम भरून ठेवलेली वस्ती, दाराशी पाळणे.
पुढं विहीर, तिच्यात मीच सोडलेले गप्पी मासे.
फडक्याची दोन टोकं त्यांच्याकडं, दोन माझ्याकडं.
त्यांच्या दंडावर एक डास येऊन बसला.
त्यांनी हलवला नाही.
माझा हात उठला,
पण हातात फडकं होतं.

मग विहिरीकडं गेलो.
मासे वर आले, ओळखीचे असल्यासारखे.
भंतेंनी फडकं दोनदा झटकलं,
शिवणीत एखादी राहिली असेल म्हणून.
काही म्हणाले नाहीत.
त्यांना ताप भरला तो पुढच्या आठवड्यात.

त्या दिवशी नोटीस मी लिहिलीच.
इमारतीचं नाव, सर्व्हे नंबर,
मग 'जबाबदार व्यक्ती'.
पेन तिथं अडलं.
'माझं नाव लिही,' भंते म्हणाले.
थोड्या वेळानं, चपला शोधताना,
'जागा उरली तर तुझंही.'

रकाना एकाच नावाचा होता.
मी अक्षर बारीक केलं.