डिग्री

विट्याच्या परमिट रूममध्ये, कूलरच्या बाजूला,
हिंदुराव लेंगरे एकटेच बसतात.
बियर ओतली की आधी फेस मरू देतात,
मग खिशातून रुमाल सोडतात.
रुमालात लॅक्टोमीटर.

'दोन वर्सांमागं अकरा व्हती. आज सात.'
मी वेटर. मला काय कळतंय?
'दूध न्हाई ते, अण्णा.'
'पाणी तर तेच हाय की.'

तेहतीस वर्षं डेअरीत होते.
त्यांनी परत धाडलेल्या किटल्यांपायी
निम्मी आळी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

कंपनीला तीन पत्रं गेली, रजिस्टर एडीनं.
उत्तर आलं एकच, छापील:
आमचा दर्जा सगळीकडे सारखाच असतो.
खाली सही नव्हती.
कागद उलटा करून पाहिला त्यांनी,
उजेडाला धरूनही.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
'हौसाक्का पाणी घालायची. रोज, तांब्याभर.
पर किटली म्होरं सरकवताना
मान खाली असायची तिची.
मी अठ्ठावीस लिवायचो.'

उरलेली सात डिग्री
एका दमात प्यायले,
काच पुसून रुमालात बांधली.

'आन अजून एक.'