मग ऑन का?

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, टायरच्या दुकानावर माझा क्लास.
लोंढ्याकडची गाडी गेली की फळा थरथरतो
आणि काढत असलेल्या अक्षराला नको तिथे शेपूट फुटतं.

आज तीन पदरी क्रियापदं.
पुट म्हणजे ठेव, अप म्हणजे वर,
विथ म्हणजे सोबत.
जोडून बघा, मी म्हटलं.
इराण्णा हुद्दार, उद्यमबागेत कास्टिंगवर ग्राइंडर धरतो,
मान वाकडी करून म्हणाला,
"सोबत वर ठेव. काय ठेवायचं की सर?"
काही नाही रे. सोस.
पुट अप विथ म्हणजे सोस.

रन आउट ऑफ.
पळत कोणी नसतं.
डबा उघडला, चहापूड नाही, एवढंच.
फिलोमिनाला मस्कतच्या हॉस्पिटलात जायचंय,
ती खानापूरहून रोज बसनं येते,
तिनं शब्द तीनदा लिहिला आणि विचारलं,
"पेशंटचं रक्त संपलं तरी पळालंच म्हणायचं?"

हसले सगळे. मीही.
मग वाटलं, आपण तरी काय करतो?
खाऊन टाकलं म्हणतो, टाकलं कुठे?
बोलून बसलो म्हणतो, खाली खुर्ची नसते.
एखादं माणूस ठेवून घेतं, एखादं देऊन जातं,
परक्याला विचारा, त्याला वाटेल
हे लोक सारखे उठतात, बसतात, फेकतात.

इराण्णा म्हणाला, "आमच्यात तिंदुबिट्टे.
खाल्लं आणि सोडलं.
सोडलं कुठलं, पोटात तर हाय."
तेव्हा मला आठवलं,
आमच्या गल्लीत मराठीतसुद्धा
खाऊन सोडलो, सांगून सोडलो असंच चालतं,
आणि पुण्याचा मेव्हणा जेवता जेवता हसला होता.
मी चाळीस वर्षं ते सोडणं वापरत होतो,
कुणाच्या घरनं आणलंय ते न विचारता.

पुढचं होतं वॉक आउट ऑन.
पुस्तकातलं वाक्य मी फळ्यावर उतरवलं:
ही वॉक्ड आउट ऑन हिज वाइफ.

प्रमिला बेळगुंदकर मागच्या बाकावर बसते.
लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते.
जूनपासून एक शब्द बोलली नव्हती.
"वॉक कळलं सर. पळाला नाही, चालत गेला.
आउट पण कळलं. दार होतंच.
मग ऑन का?
माझ्यावर कसा काय चालत गेला?"

माझ्यावर, म्हणाली ती.
फळ्यावरची बायको दुसरीच कुणी होती.

गेट पडलं. घंटी वाजत राहिली.
मालगाडी होती, संपता संपेना.
माझ्याकडे उत्तर तयार असतं:
प्रिपोझिशनला का विचारायचं नाही, पाठ करायचं.
तोंडाशी आलं, आणि राहिलं.
कारण राग माझ्यावर निघतो,
पाळी माझ्यावर येते,
घर, सासू, सोसायटीचे हप्ते,
सगळं माझ्यावर टाकून माणूस जातो.
आपल्याकडेही ते वरच असतं.

इराण्णा आधी बोलला, हळू.
"ओझं वरच ठेवतात की अक्का.
खाली ठेवलं तर ओझं कसलं?"
तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मागचा दिवा गेला होता, दिसलं नाही.

गुरुवारी वह्या आल्या.
प्रत्येकानं पाच वाक्यं लिहायची होती.
प्रमिलाच्या घरचा गॅस संपला होता,
चिक्कोडीच्या बहिणीशी गप्पांची बाकी पुरी झाली होती,
शेजारच्या मिक्सरचा आवाज ती सोसत होती.
चौथ्यात स्पेलिंग चुकलेलं.
पाचवं:
ही वॉक्ड आउट.
आणि पूर्णविराम, पेन दोनदा फिरवून दाबलेला.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसलो.
धड्याप्रमाणे ऑन हवं होतं.
व्याकरणाप्रमाणे वाक्य पुरं आहे.
तो निघून गेला. एवढाच अर्थ होतो,
खाली कुणी नाही.

अर्धा मार्क कापायचा होता.
चौथ्यातलं स्पेलिंग तेवढं दुरुस्त केलं
आणि वही मिटली.