केळुसकरांचं मीटर

मनामात, बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत,
जिथे शिंप्यांची दुकानं संपून घड्याळांची सुरू होतात,
तिथे पावसकरचाचांचं दुकान. सात फूट बाय नऊ.
कॅमेरे आता कोणी दुरुस्तीला आणत नाही.
आम्ही मोबाइलच्या काचा बदलतो,
आणि खालच्या खणात, केशराच्या रिकाम्या डबीत,
भार्गव केळुसकरांचं लाइट मीटर ठेवतो.

केळुसकर तुम्हाला माहीत असणार.
तोच, जो एका शॉटसाठी तीन दिवस
ढग सरकायची वाट बघत बसला
आणि निर्मात्याला म्हणाला, सूर्याला मी पगार देत नाही.
एकाहत्तर साली तो इथे आला होता
मोती काढणाऱ्यांवर चित्रपट करायला.
झाला नाही. पैसे संपले की हट्ट संपला,
चाचांना नक्की सांगता येत नाही.
पण मुहर्रकच्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याला
तो रोज एकच विचारायचा, एवढं खरं:
शिंपला उघडायच्या आधी
त्याच्या आत उजेड किती असतो?

म्हाताऱ्याचं नाव मुबारक.
नाकाला कासवाच्या पाठीची चिमटी, कानांत मेण.
एकदा वैतागून म्हणाला, आण इकडे तुझं यंत्र.
बरणीत घातलं, झाकणाला डांबर फासलं,
पायाला दगड बांधून खाली गेला.
वर आला तेव्हा बरणी कोरडी होती.
काटा मात्र त्या दिवसापासून
समोरच्या उजेडाचं ऐकेनासा झाला.

मी उघडून पाहिलंय. चाचांनी तर कितीदा.
आतलं सेलेनियम केव्हाच मेलंय,
तारेचा एक टाका सुटलाय.
बाहेर बेचाळीस अंश, रस्त्यावर नजर ठरत नाही,
आणि काटा शून्यावर, मेलेल्या मुंगीसारखा.

पण एकदा चाचांना न विचारता
मी ते सलमाबादच्या कॅम्पवर नेलं.
वीज गेलेली. एका खोलीत आठ बंक, आठ घाम.
करीमनगरचा नरसय्या उताणा पडून
काहीच बघत नव्हता. त्याच्याकडे वळवलं.
काटा सोळावर.
काय चाललंय रे डोक्यात?
काही नाही, म्हणाला. आई पत्र्यावर मिरच्या वाळत घालतेय.
कुमिल्ल्याचा शफीकुल: चार.
तळं, म्हणाला. पहाटेचं. धुकं आहे अजून.
टेकबहादुर चिडला, माझ्याकडे नको धरूस.
तोवर काटा जाऊन आला होता
बर्फावर.

गेल्या महिन्यात पुण्याहून दोघे आले.
संग्रहालय होतंय म्हणे.
केळुसकरांची खुर्ची मिळाली, चष्मा मिळाला,
टोपीबद्दल अजून वाद आहे.
किंमत बरी सांगितली, दिनारांत.
मीटर एकमेकांवर धरून बघत राहिले.
शून्य. परत शून्य.
त्यांचं परतीचं विमान रात्री नऊचं होतं.
बंदच आहे की हो हे, एकजण हसला.
हो, चाचा म्हणाले, बंदच आहे.
आणि दोघांसाठी चहा मागवला.

चाचा इथे अडतीस वर्षं.
स्वतःवर मीटर कधी धरू दिलं नाही त्यांनी.
परवा दुपारी, सोल्डरिंगची कांडी हातात तशीच,
त्यांचा डोळा लागला.
मी डबी उघडली.
मला वाटलं दाभोळची खाडी दिसेल, आकड्यात,
नाहीतर बायकोच्या दारातला कंदील.
काटा शून्यावरून सुटला
आणि पहिल्या रेघेच्या अलीकडे,
जिथे आकडाच छापलेला नाही,
तिथे थरथरत थांबला.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, किती?
आठ, मी म्हणालो.
खोटारडा, म्हणाले,
आणि कुणाचा तरी फुटका फोन पुढे सरकवला.
काच बदल. संध्याकाळी न्यायला येतोय तो.