चुंबळ

टी.वाय.च्या वर्गात दर जानेवारीत
शेवटून दुसरं प्रकरण यायचं : युरोपीय चलन संघ.
बावीस पोरं, खिडकीबाहेर उपटायच्या राहिलेल्या पराट्या,
आणि फळ्याशी मी.
एक युरो म्हणजे तीनशे चाळीस पूर्णांक पंचाहत्तर ड्राख्मा,
एक युरो म्हणजे एक पूर्णांक नऊ पाच पाच आठ तीन मार्क.
पाठ होतं. अजून आहे.
बायकोचा फोन नंबर बघून लावतो, हे आहे.

पोरांना ड्राख्मा काय नि मार्क काय.
म्हणून म्हटलं, आपलं पाचोरा स्टेशन घ्या.
जामनेरहून येते ती पीजे, अडीच फुटी रुळांवरून,
वाटेत कुणी हात केला तर थांबते म्हणतात.
इकडे मोठी लाईन, मुंबई ते थेट कलकत्ता.
मधे एक फलाट.
शेंदुर्णीची टोपली इथे उतरते, डोक्यावर चढते,
वीस पावलं चालते, पुन्हा उतरते.
ती वीस पावलं म्हणजे विनिमयाचा खर्च.
रूळ एकाच मापाचे करा, खर्च संपला.
युरोपने एवढंच केलं.

खूश होतो मी त्या उदाहरणावर.
सहा वर्षं वापरलं.

सातव्या वर्षी तिसऱ्या बाकावरून
वैजयंता सुपडू भोई उठली.
"सर, मंग मन्हा बापनं काय व्हई?"

वर्ग हसला. ती हसली नाही.
मी संक्रमणकाळ म्हणालो,
पुनर्प्रशिक्षण म्हणालो,
दीर्घकाळात सगळ्यांचं भलं म्हणालो,
आणि घंटेकडे कान लावून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी फलाटावर गेलो.
सुपडू भोई निंबाखाली बसलेला,
मांडीवर जुन्या लुगड्याची पिळदार चुंबळ,
मधे घामाने काळी पडलेली.
काय बोलावं कळेना, तर म्हणालो, नवी घ्यायची ना.
त्याने ती हातात फिरवली.
"ओझं तेच राहस, सर. डोकं तेच राहस.
मझार ही राहस म्हनीसन मान टिकस."

पुस्तकात हे नव्हतं.
म्हणजे होतं, पण अकरा पानांत होतं,
आणि आलेखाखाली मानेचा उल्लेख नव्हता.

पुढे अथेन्सच्या बँकांसमोर रांगा लागल्या.
मी टीव्हीसमोर, चहा निवत ठेवलेला.
तज्ज्ञ बोलत होते तुटीबद्दल, शिस्तीबद्दल,
आणि मला दिसत होतं नुसतं डोकं,
त्यावर थेट टेकलेली पाटी.
ड्राख्मा घसरला तरी असता.
थोडा दबला असता, चेपला असता,
लुगड्याच्या घड्या दबतात तसा.
रुपया घसरला की आपल्याकडे सुतकी चेहरे होतात.
मी तेव्हापासून करत नाही तसा चेहरा.

तरी जर्मनांनाही वाटलंच असेल,
आपण का उचलायची दुसऱ्याची पाटी.
आणि ज्यांनी सह्या केल्या
त्यांनी दोन लढायांची माती पाहिलेली,
त्यांना टोपल्या मोजायच्या नव्हत्याच,
त्यांना माणसं एका गाडीत बसवायची होती.
हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.
परीक्षेला येत नसे.

पीजे थांबली. लाईन रुंद करताहेत.
वैजयंता सावद्याला असते, केळीच्या निर्यातीच्या ऑफिसात,
कंटेनरची बिलं युरोत करते,
रोटरडॅमच्या माणसाशी फोनवर भांडते, इंग्रजीत.
दिवाळीला आली तेव्हा बापाच्या हातात
पाच युरोची नोट ठेवली. मीही होतो.

सुपडूने ती उजेडात धरली.
राखाडी, कमानीवर कमान चढवलेली.
"हाऊ पूल कोठला?"
कुठलाच नाही, मी सांगितलं.
एका देशाचा काढला तर दुसरे रुसतील,
म्हणून नसलेला काढला.

बराच वेळ बघत राहिला.
मग हसला, पुढचे दोन दात नसलेला.
"मंग बरं शे. पडाव नही."

नोट त्याने चुंबळीच्या घडीत सारली.
खुंटीवर असते ती आता,
खाली वैजयंताच्या पोराचं दप्तर.