मोरपंखीच्या अलीकडे

भट्टीवर मी नुसत्या डोळ्यानं सांगतो
लोखंड ओतायला आलं का न्हाई.
चौदाशेला एक रंग असतो, साडेचौदाशेला दुसरा,
मधल्याला नाव नाही, आम्ही फक्त हात वर करतो.
शिरोलीत एकवीस वर्षं हेच केलं.

आणि घरी, तीन फुटांच्या काचेपुढं,
सव्वीस डिग्रीला घाबरतो.

सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून सोमवारी पाणी.
बोअरचं, बादलीत रात्रभर निवांत ठेवलेलं.
नळीत पाच मिली घ्यायचं, तीन थेंब टाकायचे,
हलवायचं, आणि छापील पट्टीशी लावून बघायचं.
पिवळं म्हणजे आंबटाकडं, निळं म्हणजे सोड्याकडं,
मधे नुसती हिरव्यांची गर्दी.
माझे डोळे लाल-पिवळ्यात शिकलेले,
हिरव्यात मी अंगठाछाप.

मग मालनला हाक.
ती महाद्वार रोडला मॅचिंग सेंटरात असते,
ब्लाउजपीसच्या सातशे छटा रोज घडी घालते.
नळी खिडकीच्या उजेडाला धरून म्हणते,
"शेवाळी न्हवं. पोपटी तर न्हवंच.
मोरपंखीच्या अलीकडचा, जरा धुवट."
मी वहीत लिहितो, पीएच सात पूर्णांक चार.

बारा निऑन, त्यांना मऊ पाणी पाहिजे, किंचित आंबट.
चार काळ्या मोली, त्यांना आमचं बोअरच गोड लागतं.
एंजल एकटाच, अठ्ठावीसला खूश.
तळाशी मिशीवाल्या कोरी, त्यांना चोवीस पुरे.
हे सगळं मी आधी आणलं, मग वाचलं.

दिवाळीच्या तोंडावर मला बरोबर आकडा पाहिजे होता.
सहा पूर्णांक आठ. बाटलीतलं औषध टाकलं,
संध्याकाळी मालन म्हणाली, "आता लिंबूकलर."
सकाळी परत निळं.
बोअरच्या पाण्यात डोंगर विरघळलेला असतो,
तो रात्रीतनं उठून बसतो.
मी दुप्पट टाकलं. मग तिप्पट.
चौथ्या दिवशी पाच निऑन फिल्टरच्या जाळीला चिकटलेले,
त्यांची निळी रेघ तेवढी चालू होती.
अबोलीच्या कुंडीत पुरले.

शाहूपुरीत इरफान शिकलगारकडं वही घेऊन गेलो.
त्यानं पानं उलटली, टाकीबद्दल काही विचारलंच नाही.
"भावा, माशाला आकडा कळत न्हाई," म्हणाला,
"कालचं पाणी आज असलं की झालं."
वर म्हणाला, औषध गटारीत ओत,
देशी बदामाची वाळली पानं टाक दोन.
ती मी शाळेच्या कंपाउंडमधनं उचलली,
शिपाई बघत होता. पत्रावळ्या लावणार काय, म्हणाला.

पौषात एका रात्री डीपी जळाली.
अख्खी गल्ली अंधारात. हिटरचा लाल ठिपका गेला.
बॅटरी मारली तर पंचवीस, मग चोवीस,
दोन वाजता बावीस.
एंजल कोपऱ्यात, पंख मिटून, देव्हाऱ्यातल्या टाकासारखा.
भट्टी थंड पडायला लागली की आम्ही पळतो,
मीही पळालो, बंब पेटवला,
उकळतं पाणी ओतणार, तर मालननं मनगट धरलं.
"रंगारी सुद्धा कापड एकदम बुडवत न्हाई."
मग बाटल्यांत भरलं, झाकणं लावून तरंगत सोडलं,
टाकीला सोलापुरी चादर गुंडाळली,
आणि तासाला एक डिग्री, तासाला एक डिग्री,
दोघं फरशीवर बसून होतो.
ती मधेच गिऱ्हाइकांबद्दल बोलत होती,
हट्टानं अगदी हाच रंग मागतात,
आणि दोन धुण्यांनंतर साडी एकीकडं, ब्लाउज दुसरीकडं.

पहाटे दूधवाल्याच्या आधी लाईट आली.
सात निऑन मोजले. परत मोजले. सातच.

मंगळवारी भट्टीवर नवीन पोरगं होतं, कागलचं.
विचारलं, तुम्हाला कसं कळतंय ओ, आलंय म्हणून?
हात वर करायचा तो तसाच राहिला.
काचेतनं बघितलं, आणि तोंडातनं गेलं,
"शेंदरीच्या पलीकडचा. जरा धुवट."
पोरगं हसलं.
लॅडल झुकली.